गेटाबाहेर चाळीस पावलं

पाटी आली तेव्हा हिवाळा होता.
निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं:
'इंधन फक्त अधिकृत ठेकेदाराकडूनच.'
ठोकायला खिळे माझ्याच डब्यातले गेले.
मी इथला चौकीदार, शालिकराम उईके.
धावपट्टीवरच्या बकऱ्या हाकलणं
हे माझं मुख्य काम.

विमान एकच. पिवळं, दोन माणसांचं,
बंद पडलेल्या क्लबाच्या लिलावात
किन्हेकर गुरुजींनी घेतलेलं.
आयटीआयत पस्तीस वर्षं इंजिनं शिकवली त्यांनी.
टाकी साठ लिटरची.
ठेकेदाराचा टँकर नागपूरहून येतो
आणि दोनशेच्या खाली झाकण उघडत नाही.
"बाकीचं एकशेचाळीस मी पिऊ काय?"

देवतळे साहेब फाइल घेऊन आले.
सुरक्षेचा प्रश्न आहे, म्हणाले.
गुरुजी म्हणाले, "सायेब, वर कोण जाते?
ठेकेदार जाते का मी जातो?
गोठ्यातल्या बैलाले पाणी पाजाचा
ठेका देते काय कोणी?"
साहेबांनी बैल काही टिपून घेतला नाही.

दोन वर्षांमागं
टँकरचंच तेल होतं टाकीत.
पैनगंगेच्या वर इंजिन खोकललं,
गुरुजी मेश्रामच्या हरभऱ्यात उतरले,
चाकांना घाटे, मिशीला माती.
नंतर काचेच्या बाटलीत काढून दाखवलं मला:
वर पेट्रोल, खाली पाण्याचा एक मणी,
लहान पोरीच्या कानातल्या मोत्याएवढा.
"एवढ्यानं मरते माणूस," म्हणाले,
आणि मेश्रामला दोन पोत्यांचे पैसे देऊन आले.

तेव्हापासून कॅन स्वतः आणायचे.
आधी जमीन ओली करून तार रोवायची,
दुसरं टोक विमानाला,
मग बकरीच्या मऊ कातड्यातून गाळत गाळत.
माझी काडेपेटी चौकीतच ठेवायला लावायचे,
विडी नसली तरी.

पाटी आली त्या रविवारी
त्यांनी ती दोनदा वाचली,
पोरांचा पेपर तपासावा तशी.
"शालिक, हे कुठपावतर लागू?"
"कुंपणापावतर, गुरुजी."
"मंग गेट उघड."

पंख वरचे होते म्हणून
खांबांच्या डोक्यावरून गेले, बोटभर अंतरानं.
मी शेपटाकडून ढकललं,
ते पंखाखालच्या दांडीला धरून.
चाळीस पावलं, मोहाच्या झाडापर्यंत.
घाटंजीची एसटी थांबली, थांबा नसताना.
कंडक्टर म्हणाला, "पंक्चर झालं का गुरुजी?"
गुरुजींनी आधी तिचं इंजिन बंद करायला लावलं,
आणि एसटीनं ऐकलं.
एका म्हातारीनं विमानाच्या नाकाला हात लावून
कपाळाला लावला.
तार मोहाच्या मुळाशी रोवली.
सगळे गप्प. कातड्यातून पेट्रोल उतरत होतं
आणि पऱ्हाटीत कुठंतरी तितर बोलत होता.
बाटली त्यांनी उन्हात धरली,
मग माझ्याकडे दिली.
मणी नव्हता.

साहेबांचा फोन आलाच.
"नियम मोडला काय रे?"
म्हटलं, "नाई सायेब, नियम गेटाच्या आतच होता.
आमीच बाहेर गेलतो."

आता दर रविवारी असंच.
रस्त्याकडची नवी पाटी रंगायला गेली आहे म्हणतात.
गुरुजींचा चौथा अर्ज मुंबईत आहे,
की दिल्लीत, ते टपालालाही ठाऊक नाही.
माझ्या हाती रजिस्टर.
'सकाळी ७.१०. विमान बाहेर गेले. चाकांवर.
७.५० परत आले.
इंधन'
इथं पेन थांबतं.
दूर बकऱ्या पट्टीवर चढलेल्या दिसतात,
उठायला हवं.
मग लिहून टाकतो:
'पाणी नव्हते.'